उंबऱ्याबाहेरचं मिग

नागपुरात, सदर भागातल्या एका बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात मी सरिताला पहिल्यांदा पाहिलं. मी केसांचे काटे घ्यायला गेले होते. ती नेलपॉलिशच्या स्टँडपाशी उभी होती आणि तिच्या हातात पांढरा प्लॅस्टिकचा चमचा होता, समोशाच्या चटणीबरोबर मिळतो तसला. चमच्याच्या पाठीवर तिने पाच-सहा रंगांचे बारीक पट्टे ओढले होते. दुसऱ्या हातात कसलासा फोटो होता. एकदा फोटो, एकदा चमचा, असं ती आळीपाळीने पाहत होती.

दुकानदार कंटाळला होता. "ताई, लग्नाचा सीझन आहे. हा मरून घ्या, बम चालून राहिला."

"ओल्या सिमेंटसारखा नाही का?"

"ओल्या सिमेंटचा रंग कोणी नखाले लावते का ताई?"

"नखाले नाही लावाचा."

"मंग कायले?"

"विमानाले."

दुकानदाराने तिच्याकडे नीट पाहिलं. "मिहानमधी, विमानाच्या कारखान्यात कामाले आहे का तुम्ही?"

"नाही. खापरखेड्याले."

त्यावर त्याने विचारणं सोडून दिलं. तिने एक राखाडी बाटली घेतली आणि बाहेर पडली. मला इंदोऱ्याकडे जाणारा शेअर ऑटो मिळाला तेव्हा ती आधीच आत बसलेली होती. पट्टे वाळावेत म्हणून चमचा ऑटोच्या बाहेर धरून होती. चाळिशीची, सावळी, केस घट्ट बांधलेले, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ. कडबी चौकापर्यंत मी तो चमचाच पाहत होते. मग मात्र विचारलंच, की बाई, हे विमान म्हणजे काय?

तिने फोटो माझ्या हातात दिला. हिरवट-राखाडी ठिपक्यांचं, एका पंख्याचं जुनं लढाऊ विमान होतं. "असं बनवून राहिली मी. एवढंसं." तिने तळहात दाखवला. "बहात्तर पट लहान."

आम्ही एकाच ठिकाणी उतरलो. तिचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं, जवळपासच्या निम्म्या घरांतली मुलं माझ्या हाताखालून गेली. पण हे घर कसं कोण जाणे माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

सरिता खोब्रागडे खापरखेड्याच्या वीजकेंद्रात काम करते. आयटीआय करून लागली, मग नोकरी सांभाळून डिप्लोमा केला आणि पंधरा वर्षांनी युनिटच्या डेस्कवर बसली. डेस्क म्हणजे काय ते तिनेच मला समजावून सांगितलं. समोर पडद्यांची रांग, त्यावर वाफेचा दाब, बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची पातळी, भट्टीचं तापमान. आठ तास पाहत राहायचं. बहुतेक दिवस काहीच घडत नाही, आणि काही घडू नये याचसाठी तर तिला तिथे बसवलेलं असतं. एखादा आकडा सरकला की घंटी वाजते, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात काय करायचं ते हाताला आधीच माहीत असावं लागतं. तिच्या शिफ्टमध्ये डेस्कवर बसणारी ती पहिली बाई.

"घरी आल्यावरही घंटी ऐकू येते, मॅडम," ती म्हणाली होती. "कुकरची शिटी झाली तरी हात उठते."

झोप उडाली, रक्तदाब वाढला. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की शिफ्टवरून आल्यावर मोबाईल नको, टीव्ही नको, पडदा म्हणून कसलाच नको. हातांनी काहीतरी करा. विणकाम करा. तिने विणकाम करून पाहिलं, पण टाके मोजताना तिला डेस्कचे आकडे आठवत. मग एकदा सदरमध्येच खेळण्यांच्या दुकानात वरच्या फळीवर धुळीने माखलेला एक डबा दिसला. आत प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले चाळीसेक तुकडे होते. तुकडे कापून, घासून, चिकटवून, रंगवून विमान करायचं. लढाऊ विमानच का, असं मी तिला पुढे विचारलं होतं. ती म्हणाली, "दुकानात तोच एक डबा होता." आणि थोड्या वेळाने, "प्रवासी विमान पांढरं राहते मॅडम. त्याच्यात रंगवाले काय आहे?"

नेलपॉलिशचा प्रयोग फसला. त्या रंगाने प्लॅस्टिक मऊ पडतं, आणि तिच्या पहिल्या विमानाच्या डाव्या पंखाला गरम दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या. तेव्हापासून ती चित्रकलेच्या दुकानातले पाण्यात मिसळणारे रंग वापरते. मी तिला आमच्या ह्यांचं, पोस्टाची तिकिटं पाहण्याचं भिंग दिलं. त्या निमित्ताने माझं तिच्याकडे जाणं-येणं सुरू झालं.

तिला काम करताना पाहणं हा माझा छंद झाला म्हणायला हरकत नाही. रंग ती दुधासारखा पातळ करी. एक हात दिला की खालचं प्लॅस्टिक दिसतच राही. तो वाळला की दुसरा, मग तिसरा. "जाड लावला तर लवकर होते, पण मंग बारीक रेघा बुजतात," ती सांगे. हिरव्या आणि राखाडी रंगांची जिथे गाठ पडते ती नागमोडी कड ती सर्वांत बारीक ब्रशाने काढी. तेव्हा ती श्वास सोडून हात चालवी, मग थांबून श्वास घेई. तासभर असं बसली की तिच्या खांद्यांची ठेवणच बदले. येई तेव्हा ते कानांपाशी असत, उठे तेव्हा जागेवर.

घरात चार माणसं. नवरा रोशन, तो विमानतळावर मालवाहतुकीच्या विभागात आहे. सासू अंजनाबाई आणि सासरे धोंडबा. मुलगी पायल पुण्याला शिकते. सासऱ्यांना सरिता आमच्या भागातल्या रीतीप्रमाणे मामाजी म्हणते, सासूला मामी.

अंजनाबाईंची जीभ तिखट, मन साधं. सून स्वयंपाकघरातल्या टेबलावर भिंग लावून बसली की त्या भाजी निवडता निवडता बोलत. "पायलच्या वेळेस इतकं बारीक लक्ष दिलं नाई इनं, मास्तरीणबाई. पोरीची वेणी दोन मिनटात घालून द्याची. आन या विमानाची शेपटी तीन दिवसापासून रंगवून राहिली."

"पायल हलत होती, मामी. हे हलत नाही."

"हो, हे त उडते फक्त."

धोंडबा या बोलण्यात नसत. ऐंशी वर्षांचे, उंच, ताठ. काचबिंदूने त्यांच्या एका डोळ्याची नजर गेली होती आणि दुसऱ्या डोळ्याला उजेड आणि ढोबळ आकार तेवढे दिसत. बैठकीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखालच्या खुर्चीवर ते हात मांडीवर ठेवून बसत. ते हात रिकामे होते, आणि त्यांना ते रिकामेपण आवडत नव्हतं, हे दोन-चार भेटींत कोणालाही कळलं असतं. बोटं सारखी खुर्चीच्या दांड्यावरून फिरत, खिळ्याचं डोकं वर आलंय का ते चाचपत.

सरिताची पहिली तीन विमानं जुन्या काळातली होती, पुढे पंखा आणि मागे शेपटीखाली लहान चाक असलेली. चौथ्या वेळी रोशनने तिला वाढदिवसाला मिग आणून दिलं. रशियन डबा, रशियन सूचनापत्रक. तिने चित्रं पाहून दीड महिना काम केलं. पोटाचे दोन भाग चिकटवले, सांध्यातली फट पुट्टीने भरली, घासून सपाट केलं, चाकं बसवली आणि टेबलावर ठेवलं. मिगने नाक वर केलं आणि शेपटीवर बसलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा बसलं.

मी तिथेच होते. तिचा चेहरा उतरला. त्या विमानाला चाक नाकाखाली असतं आणि वजन सगळं मागे. म्हणून पोट बंद करण्याआधी नाकात काहीतरी जड भरायचं असतं, हे त्या पत्रकात एका ओळीत लिहिलेलं होतं, पण ती ओळ रशियनमध्ये होती. आधीच्या तीन विमानांना याची गरजच पडली नव्हती.

अंजनाबाई म्हणाल्या, "बसू दे ना वं. थकलं असन."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "इकडं आण."

धोंडबा उठून आले होते. सरिताने विमान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलंच नाही. दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून तोललं, बोटं जराशी मागे सरकवली, पुन्हा तोललं. "नाक हलकं झालं. दोन तोळेही लागणार नाई, कमीच लागन. पुढच्या चाकाच्या खोबणीतून भोक पाड. सायकलीच्या हबमधले छर्रे टाक आत, आन वरून डिंक सोड. मावत नसन तर बारीक छर्रे घे."

"फुटन ना मामाजी."

"तू पाडशील तर फुटन. गिरमिट दे मले."

धोंडबा टर्नर होते. अडतीस वर्षं लेथवर. हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी ते भोक पाडलं, अंगठ्याच्या नखाने मोजत, आणि छर्रे एकेक करून आत सोडताना आवाज ऐकत राहिले. विमान टेबलावर ठेवलं तेव्हा ते तिन्ही चाकांवर उभं राहिलं.

त्या दिवसापासून सुट्टीच्या दिवशी दोघं टेबलाशी बसू लागले. घासण्याचं काम धोंडबांनी स्वतःकडे घेतलं. सांधा बोटाला लागत नाही तोवर ते सोडत नसत. सरिता म्हणे, "दिसत नाही आता मामाजी," आणि ते म्हणत, "तुले दिसत नाई. मले लागून राहिला." कागद नेहमी एकाच दिशेने ओढायचा, बोट वाकवायचं नाही, हे त्यांनी तिला शिकवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याकडून काम शिकत होतं.

एकदा त्यांनी विचारलं, "कुठलं विमान हाय हे?"

"आपलंच आहे मामाजी. भारताचं."

"कधी बसलो नाई विमानात. किती लोकं बसतात याच्यात?"

सरिताचा ब्रश थांबला. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"थोडेच," ती म्हणाली.

"लहान हाय मंग," म्हणून ते पुन्हा घासू लागले.

मी परत निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली. "सांगाले पाहिजे होतं मी," ती म्हणाली. मी विचारलं, मग का नाही सांगितलंस? तेव्हा तिने मला त्या घरातला नियम सांगितला.

धोंडबा अकरा वर्षांचे असताना, छप्पन साली, वडिलांबरोबर कुहीकडच्या गावातून चालत नागपूरला आले होते. त्या गर्दीत उभं राहून बापलेकांनी धम्म घेतला. परत जाताना वडिलांनी, रामाजींनी, कमरेचा कोयता गावाच्या वेशीबाहेर विहिरीत टाकला आणि मग आठ दिवसांनी, लाकडं तोडायला काही नाही म्हणून, दुसरा विकत आणला. ही गोष्ट धोंडबा स्वतःच हसत हसत सांगतात. पण मोठं झाल्यावर त्यांना नोकरी लागली ती दारूगोळ्याच्या कारखान्यात. लेथवर तोफगोळ्यांची कवचं कातायची. नोकरी चांगली होती, नाही म्हणण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्यांनी स्वतःपुरता एक नियम केला. कामावरून आलं की अंगणातच कपडे काढायचे, नळावर आंघोळ करायची आणि मग उंबरा ओलांडायचा. हत्यार म्हणून घरात काही येणार नाही, खेळण्यातलंही. रोशनला लहानपणी टिकल्यांचं पिस्तूल कधी मिळालं नाही. "मी चोर-पोलीस खेळताना नेहमी चोर," असं तो सांगतो. हा नियम निवृत्तीनंतरही चालू होता. मिग आणताना रोशनच्या मनात तो आला होता, पण बाबांना दिसत नाही, असा त्याने हिशेब केला. सरितानेही पहिल्या डब्यापासून तोच केला होता.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी हुरडा घेऊन त्यांच्याकडे गेले होते. मिगवर रंगाचे शेवटचे हात चालू होते. सरिता पंखावरची तिरंगी वर्तुळं रंगवत होती, बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं, पूर्ण वर्तुळ हरभऱ्याएवढं. धोंडबांनी घासायच्या कागदासाठी डब्यात हात घातला. कागदाऐवजी त्यांच्या हाताला एक चौकट लागली, जिचे तुकडे सरिताने कापले नव्हते.

त्यांची बोटं त्या चौकटीवरून सरकली आणि एका तुकड्यावर थांबली. मग परत मागे गेली. तळापासून टोकापर्यंत ती दोनदा फिरली. तो तुकडा काडीपेटीतल्या काडीएवढा होता. पण टोकाकडे निमुळती होत जाणारी ती गोलाई त्यांनी अडतीस वर्षं, दिवसाला कितीतरी वेळा, बोटाने तपासली होती. डोळे चांगले असते तर कदाचित त्यांना ते इतक्या लवकर कळलं नसतं.

"सरिता. हे काय हाय वं?"

सरिताने ब्रश खाली ठेवला. "मिसाईल आहे, मामाजी. मी लावत नाही ते."

"लढाईचं विमान हाय?"

"हो."

"थोडेच बसतात म्हणली होतीस."

"एक बसतो."

ते उठले, भिंतीला हात लावत अंगणात गेले आणि नळावर कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली. परत येऊन उंबऱ्याशी उभे राहिले. "मी हातानं घासलं ते," एवढंच म्हणाले. आणि मग, "बाहेर ठेव. उंबऱ्याच्या बाहेर."

सरिताने सगळं डब्यात भरलं. मिग, आधीची तिन्ही विमानं, रंग, ब्रश, भिंगसुद्धा. डबा व्हरांड्यात चपलांच्या रॅकवर ठेवला आणि वरून पॉलिथिनची पिशवी घातली.

तिने पुढे एकदाही तक्रार केली नाही. मी विषय काढला तेव्हा म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. विमानाचं नाही तर खोटं बोलल्याचं." पण जानेवारीच्या मध्यापर्यंत तिचे खांदे पुन्हा कानांपाशी गेले. नाइट शिफ्ट करून आली की झोप नाही. ताटावर बसल्या बसल्या बोटं वाजवायची. एकदा रोशनच्या मोबाईलची घंटी झाली आणि तिने हातातली भाजीची कढई सोडली. फेब्रुवारीत डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस, तोही गोळी चालू असताना. त्यांनी स्पष्ट सांगितलं की मार्चअखेर पुन्हा पाहू, असंच राहिलं तर शिफ्ट सोडा, दिवसाच्या ऑफिसची बदली मागा, मी पत्र देतो. बदली म्हणजे डेस्क गेलं. आणि एकदा सोडलेलं डेस्क परत मिळणं सोपं नसतं. तिच्यामागे रांगेत बरेच जण उभे होते.

"स्टोअरमध्ये बसवतीन मले," ती म्हणाली. "नटबोल्ट मोजाले."

मी तिला म्हटलं की माझ्या घरी ये, माझ्या टेबलावर कर काम. तिने मान हलवली. "त्यांच्यापासून लपवून एकदा केलं, मॅडम."

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ती कामावर होती. धोंडबा खुर्चीवर बसले होते. अंजनाबाई खाली सुपात गहू निवडत होत्या.

"मास्तरीणबाई," धोंडबा म्हणाले, "तुमी शिकलेल्या. माहं चुकलं का?"

मी खरंच विचार करत होते. पण अंजनाबाईंनी तेवढा वेळ दिला नाही.

"तिले काय विचारता? मले विचारा, पन्नास वर्षं झाले तुमच्याजवळ. अडतीस वर्षं कपडे बाहेर काढले तुमी. चांगलं केलं. पण पगार? तो त घरातच आणला ना. त्याच्यावरच रोशन शिकला, ह्या भिंती उभ्या राहिल्या. तो कोणत्या नळावर धुतला होता?"

"मले माहीत हाय ते," धोंडबा म्हणाले.

"मंग?"

"म्हणूनच त बाहेर ठेवतो. जेवढं ठेवता येते तेवढं." त्यांची बोटं खुर्चीच्या दांड्यावर आली. "इतकी कवचं कातली, अंजना. एकही कुठं पडलं ते मले माहीत नाई. या हातानं पाहिलेलं हाय सगळं, आन डोळ्यानं काहीच नाई. पोरीसंग बसलो होतो, तर वाटलं, एवढं तरी चांगलं काम या हातानं झालं. आन तेच निघालं."

अंजनाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांचा आवाज खाली आला, पण टोमणा सुटला नाही. "तर मंग बाहेर ठेवा. कोण नाई म्हणते? पण बाहेर बसाले जागा त करून द्या. तुमी कारखान्याचं काम कारखान्यात करत होते ना? का चपलांवर बसून?"

धोंडबांनी तोंड त्यांच्याकडे वळवलं. मी निघून आले.

दोन दिवसांनी त्या घरातून करवतीचा आवाज येऊ लागला. माळ्यावरचा जुना सागवानी पलंग रोशनने खाली काढून दिला होता आणि धोंडबा व्हरांड्यात त्याच्या फळ्या कापत होते. माप दोरीचं आणि वितीचं. करवत सरळ चालली आहे की नाही ते अंगठा लावून पाहत. रोशन मदतीला गेला तर म्हणाले, "तू धरून राह्य. बोलू नको." चार दिवसांत एक कामाचं टेबल उभं राहिलं, भिंतीला लागून, उंबऱ्यापासून दीड हात बाहेर. त्याला एका टोकाला तुकडा आवळून धरायचा लहानसा शिकंजा, पुढच्या कडेला तुकडे घरंगळू नयेत म्हणून पट्टी, वर दिव्याची दांडी. व्हरांड्याच्या भिंतीवर काचेचं दार असलेलं कपाटही त्यांनीच ठोकलं, चपलांच्या रॅकच्या बरोबर वर.

रोशन म्हणाला, "बाबा, विमानतळ चांगला केला, पण चपलांच्या बाजूले?"

"तुह्या विमानतळावर चपला काढाले लावतात ना? मंग."

सरिता संध्याकाळच्या बसने आली तेव्हा मी फाटकाशीच होते. ती टेबलापाशी थांबली. बॅग खांद्यालाच होती. तिने पुढच्या पट्टीवरून हात फिरवला, एकदा नाही, दोनदा, धोंडबा फिरवतात तसा. धोंडबा आतून बाहेर आले.

"दोन गोष्टी," ते म्हणाले. "आत येताना हात धुवाचे. आन पुन्हा मले थोडेच म्हणाचं नाई. एक तर एक."

"एक तर एक," ती म्हणाली.

"आन ते चौकट कुठं हाय? मिसाईलची."

तिने घाबरतच डबा उघडला. त्यांनी मेणबत्ती मागवली. सरिता त्यांना आधी एकदा बोलली होती, की जुन्या विमानांच्या डोक्यावरून शेपटीपर्यंत रेडिओची तार जाते आणि ती करायला चौकटीची कांडी गरम करून ओढावी लागते, केसासारखा धागा निघतो. त्यांनी एक मिसाईल कापून घेतलं, दोन टोकं चिमटीत धरून ज्योतीच्या वर फिरवलं, हातानेच अंदाज घेतला आणि मऊ झाल्याक्षणी बाजूला घेऊन दोन्ही हात अलगद फाकवले. वीत-दीड वितीचा धागा निघाला, उजेडात जेमतेम दिसणारा.

"कांडीचाही असाच निघते, मामाजी," सरिता म्हणाली.

"निघत असन. मले याचाच पाहिजे."

पहिले तीन धागे तुटले. चौथा टिकला, तो सरिताने आधीच्या एका विमानावर ताणून चिकटवला. त्या रात्री ती उशिरापर्यंत जागली नाही, साडेनऊला झोपली, असं अंजनाबाईंनी दुसऱ्या दिवशी मला आपणहून सांगितलं. "मी मोजून राहिली आता तिची झोप," त्या म्हणाल्या. "तिच्या डेस्कवर माहीच ड्युटी."

तेव्हापासून त्या टेबलावर शिस्त आहे. सुट्टीच्या दिवशी दोन तास, इतर दिवशी शिफ्ट पाहून एक तास. धोंडबा घासतात, सरिता रंगवते. मिसाईलं, बॉम्ब, बंदुकीच्या नळ्या डब्यातून निघाल्या की आधी त्यांच्या हातात जातात आणि तिथे त्यांचे धागे होतात. काम संपलं की दोघंही नळावर हात धुतात आणि आत जातात. घासलेलं विमान घरात येत नाही, आणि त्याबद्दल कोणी काही बोलतही नाही. एकदा मी धोंडबांना विचारलं की आता बरं वाटतं का? ते म्हणाले, "बरं वाटाचं काय त्यात. पण हाताले काम हाय."

मार्चच्या शेवटी मीच तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले, कारण रोशनला रजा नव्हती. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं, मग पाच मिनिटं बसवून तिसऱ्यांदा. एकशे अठ्ठावीस. गोळी तीच राहू द्या म्हणाले, आणि पत्राचं नावही काढलं नाही. बाहेर आल्यावर सरिता पायरीवर बसली. मला वाटलं चक्कर आली. ती म्हणाली, "काही नाही मॅडम. जरा बसते."

सरिता खोब्रागडे सध्या डेस्कवरच आहे. या आठवड्यात तिची दुपारची शिफ्ट आहे आणि रविवारी सुट्टी.